घंटा खरी की खोटी?

यंदाच्या गणपतीला माझी भाची बेंगळूरहून दोन दिवसांसाठी आली होती. बहीण धारवाडला दिलेली, भावोजी कन्नड भाषिक. त्यामुळे पोरगी दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलते आणि दोन्ही भाषांत सारख्याच सफाईने आजीला फसवते. आरती झाली, पाने मांडली गेली, ती माझ्या शेजारी जेवायला बसली आणि तिचा मोबाईल टिंग टिंग वाजू लागला. वरणभातापासून ताकभातापर्यंत मी मोजत होतो. अकरा वेळा वाजला. तिने एकदाही त्याच्याकडे पाहिले नाही.

शेवटी मला राहवेना. म्हटले, "अगं, ऑफिसचं काही असेल. बघ तरी."

"ऑफिसचंच आहे मामा. 'टेस्ट फेल झाली' म्हणून सांगतोय. रोजच सांगतो. दहातलं नऊ वेळा खोटं असतं."

"आणि दहावं?"

ती घास हातात धरून क्षणभर थांबली. "दहावं खरं असतं की," म्हणाली, "पण ते कुठलं हेच तर कळत नाही."

भाची बेंगळूरच्या एका मोठ्या कंपनीत टेस्टिंग विभागात आहे. नोकरी लागली तेव्हा माझ्या आईने तिला विचारले होते, "म्हणजे नेमकं करायचं काय?" तिने सांगितले, "दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका काढायच्या, आजी." आई म्हणाली, "एवढंच? हे तर मी या घरात चाळीस वर्षं फुकट केलं." हा विनोद आमच्या घरात अजून चालतो. पण परवाच्या त्या संभाषणाने मी अस्वस्थ झालो. आपल्या भागातल्या जवळपास प्रत्येक गल्लीतले एखादे तरी मूल आज बेंगळूर, पुणे किंवा हैदराबादला 'सॉफ्टवेअरमध्ये' आहे. या एका शब्दात आपण त्यांचे सगळे आयुष्य गुंडाळून कोनाड्यात ठेवून देतो. पगार विचारतो, लग्नाचे विचारतो, काम काय असते ते मात्र विचारत नाही. म्हणून वाचकहो, यावेळी हा विषय घेतला. मी मराठीचा प्राध्यापक, यंत्रातले मला कळत नाही. पण माणसे एकत्र कशी येतात आणि का येत नाहीत, हा विषय कुणालाच परका नसतो.

आधी टेस्टिंग म्हणजे काय ते पाहू. शितावरून भाताची परीक्षा आपण करतोच. कॉम्प्युटरच्या प्रोग्रामची परीक्षाही तशीच, फक्त ती घेणारा दुसरा एक छोटा प्रोग्राम असतो. समजा, निकाल लावणारा प्रोग्राम आहे आणि उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागतात. मग चाचणीचा प्रोग्राम त्याला ३४ गुण देऊन पाहतो, नापास म्हणतो का? ३५ देऊन पाहतो, पास म्हणतो का? जागा रिकामी ठेवून पाहतो, शून्य धरतो की गैरहजर धरतो? अशा शेकडो चाचण्या एकदा लिहून ठेवल्या की मूळ प्रोग्रामला कुणी हात लावला, की त्या सगळ्या आपोआप चालतात आणि काही बिघडले तर घंटा वाजते. आमच्या भाचीच्या मोबाईलवर वाजत होती ती हीच.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणांच्या समितीवर होतो. अंतर्गत गुण आमच्या एका प्रोग्राममध्ये भरले जात. परीक्षेचे गुण दुसरीकडे, दुसऱ्या प्रोग्राममध्ये. मध्ये एक तक्ता असे, जो इकडून काढून तिकडे पाठवायचा. त्या वर्षी उशिरा प्रवेश घेतलेल्या सात जणांना दिलेले क्रमांक शून्याने सुरू होत होते. तक्ता करणाऱ्या प्रोग्रामने त्या क्रमांकाला साधा आकडा समजले. आकड्याच्या डावीकडच्या शून्याला किंमत नसते, म्हणून त्याने ते शून्य गाळून टाकले. पलीकडच्या प्रोग्रामला त्या क्रमांकाचे विद्यार्थी सापडेनात. त्याने सातही जणांना 'गैरहजर' ठरवले.

त्या सातांत एक मुलगी होती. बीएडला अर्ज केलेला. वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. मार्क्स कार्ड घेऊन बापलेक कॉलेजात आले. बाप मला म्हणाला, "सर, पोरगी एक दिवस चुकली नाही हो." मला ते ठाऊक होते, ती माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. दुरुस्तीला तीन आठवडे लागले. तेवढ्यात पहिल्या यादीतली तिची जागा गेली. पुढच्या फेरीत तिला प्रवेश मिळाला, पण घरापासून लांब, वसतिगृहाचा खर्च अंगावर घेऊन.

चूक कुणाची, यावर बैठक झाली. आमचा प्रोग्राम तपासला, बरोबर निघाला. त्यांचा तपासला, तोही बरोबर. तक्ता करणारा तर जगभर चालणारा. सगळे बरोबर आणि मुलगी गैरहजर! तपासले नव्हते ते फक्त सांध्यावरचे. आणि त्या तक्त्याखाली 'तपासले' असे लिहून सही केलेली होती, ती माझी. मी माझ्या बाजूची बेरीज तपासली होती, एवढेच. पलीकडे काय पोहोचले हे पाहणे माझे काम आहे, असे मला कधी वाटलेच नव्हते.

ही गोष्ट भाचीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "मामा, आमच्याकडे हेच चालतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर." तिच्या कंपनीत अनेक विभाग. प्रत्येकाने आपापल्या सोयीने चाचणीची टूल्स घेतलेली. एक विभाग 'जेयुनिट' वापरतो. हे १९९७ साली केंट बेक आणि एरिक गामा या दोघांनी विमानप्रवासात बसून लिहायला घेतले होते. वेबसाइटची बटणे माणसासारखी दाबून पाहण्यासाठी दुसऱ्याकडे 'सेलेनियम', २००४ साली शिकागोत जेसन हगिन्सने सुरू केलेले. तिसऱ्याने विकतचे घेतलेले, चौथ्याने घरीच केलेले. वरच्या साहेबांना वाटले, हा पसारा आवरावा. फर्मान निघाले, अमुक तारखेपासून सर्वांनी एकच टूल वापरायचे. तारीख आली आणि गेली. वर्षभराने दुसरे टूल, दुसरे फर्मान. आता तिसरे आले आहे, आणि ते सगळीकडे रुजवण्याच्या कामावर आमच्या भाचीला नेमले आहे. "सगळे 'हो मॅडम' म्हणतात," ती म्हणाली, "आणि मग आपलं जुनंच चालवतात." नव्या सुनेने सासरी जाऊन पहिल्याच दिवशी फोडणीची पद्धत बदलायला सांगितली तर काय होईल? तसे.

हे ऐकून मी थोडे वाचायचे ठरवले. गूगलमधल्या अभियंत्यांनी आपल्याकडे हे कसे घडले ते लिहून ठेवले आहे. 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग ॲट गूगल' या २०२० साली निघालेल्या पुस्तकात ती हकिकत आहे. तांत्रिक भाग मी ओलांडून गेलो, पण माणसांचा भाग मला एखाद्या कादंबरीसारखा वाटला.

साल २००५. आपण गूगलवर काही शोधतो तेव्हा उत्तर आणून देणारा जो मुख्य प्रोग्राम, त्याची अवस्था बिकट झाली होती. कंपनी वाढत होती, प्रोग्राम वाढत होता आणि कुणालाच त्याला हात लावायचा धीर होईना. एक वेळ अशी आली की बाहेर सोडलेल्या १०० आवृत्त्यांपैकी ८० हून अधिक आवृत्त्यांत लोकांना त्रास होईल अशी चूक निघे आणि त्या मागे घ्याव्या लागत. तेव्हा त्या गटाच्या तांत्रिक प्रमुखाने एक नियम केला. जो कुणी नवा बदल करील, त्याने त्या बदलाची चाचणीही स्वतःच लिहून सोबत द्यायची, आणि त्या चाचण्या सतत चालत राहतील. वर्षभरात घाईघाईने कराव्या लागणाऱ्या दुरुस्त्या निम्म्यावर आल्या. आणि हे कधी? बदलांची संख्या पूर्वीपेक्षा वाढलेली असताना.

एका गटात जमले. आता हे साऱ्या कंपनीत कसे न्यायचे? साहेबांकडून फर्मान काढणे हा सोपा मार्ग होता. त्यांनी तो टाळला. कंपनीत आपल्या कामाच्या वेळेपैकी सुमारे पाचवा हिस्सा आवडीच्या कामाला देण्याची मुभा होती. त्या वेळात काही उत्साही मंडळी एकत्र आली. त्यांच्याकडे कुणाला हुकूम सोडण्याचा अधिकार नव्हता. मला तर आपल्या गावच्या वाचनालयाचे किंवा नाट्यमंडळाचे हौशी कार्यकर्तेच डोळ्यांसमोर आले. खिशात काही नाही, पण नाटक उभे राहते.

त्यांनी पहिली युक्ती केली ती नव्या भरतीची. कंपनीत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला सुरुवातीच्या शिकवणीत तासभर चाचण्यांविषयी सांगायचे. मौज अशी, की सांगताना ही नवी रीत आहे असे सांगायचेच नाही. जणू इथे पूर्वीपासून असेच चालते! नवी मुले आपापल्या गटात गेली आणि सहज विचारू लागली, "याच्या चाचण्या कुठे आहेत?" जुने लोक चपापले. कंपनी झपाट्याने वाढत होती, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांतच शिकून आलेल्यांची संख्या न शिकलेल्यांपेक्षा जास्त झाली. सून बदलायला निघण्याऐवजी नातवंडांपासून सुरुवात केली म्हणा ना.

दुसरी युक्ती ऐकून आमच्या आईने नाक मुरडले. एप्रिल २००६ मध्ये कंपनीच्या स्वच्छतागृहांत, आतल्या बाजूला, एक एक पान चिकटवलेले दिसू लागले. त्यावर चाचणी चांगली कशी लिहावी याचा छोटासा धडा. 'टेस्टिंग ऑन द टॉयलेट' हेच त्याचे नाव! त्यांचा हिशेब सरळ होता. दिवसातून एकदा तरी प्रत्येकजण तिथे बसतो आणि तिथे वाचायला दुसरे काही नसते. बरेच लोक चिडले, निदान इथे तरी आम्हाला एकटे सोडा म्हणून तक्रारी केल्या. पान लावणारे मात्र खूश. तक्रार करणारेसुद्धा शेवटी चाचण्यांबद्दलच बोलत होते. ती पाने पुढे कायमची रूढ झाली. प्रत्येक पानावर एकच गोष्ट, लगेच करून पाहता येईल अशी. मी वीस वर्षे शिकवतो आहे, पण मुलांना एका वेळी एकच गोष्ट सांगावी हे शहाणपण मला उशिराच आले.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्यांनी गटांसाठी पाच पायऱ्यांची एक शिडी केली. प्रत्येक पायरी साधारण तीन महिन्यांत चढता येईल एवढीच उंच. आणि पहिल्या पायरीवर मागणी काय? चाचण्या आपोआप चालतील अशी व्यवस्था लावा. किती भाग तपासला जातो ते मोजायला लागा. आणि ज्या चाचण्या कधी पास, कधी नापास अशा लहरी आहेत त्यांची यादी करा. सुधारा असे म्हटलेलेच नाही, फक्त नावे लिहा! ज्याने कधी घर आवरायला काढले आहे त्याला याचे मोल कळेल. अडगळीच्या खोलीचे दार उघडून आत काय काय आहे हे कागदावर लिहिणे, एवढ्यानेही निम्मा धीर येतो. कोणता गट कितव्या पायरीवर आहे हे सर्वांना दिसे. शेजारचा गट तिसऱ्या पायरीवर आणि आपण पहिलीवर, ही बोच फर्मानापेक्षा जास्त कामाला आली. २०१५ मध्ये ही शिडी बंद करून तिच्या जागी आपोआप मोजणारी व्यवस्था आणली गेली, तोवर १५०० हून अधिक प्रकल्पांना तिची मदत झाली होती.

पण या सगळ्यात मला, भाषेच्या माणसाला, खरा रस वाटला तो शब्दांच्या भांडणात. चाचण्यांचे प्रकार असतात. सुटा भाग तपासणारी, भाग जोडून तपासणारी, सगळे मिळून तपासणारी. त्यांना इंग्रजीत नावे आहेत. पण अडचण अशी की प्रत्येक गट त्या नावांचा वेगळा अर्थ लावी. एकाची 'युनिट टेस्ट' ही दुसऱ्याच्या हिशेबी भलतेच काही असे. शब्द एक, समजूत दोन.

इथे मला आमच्या घरातला जुना प्रसंग आठवला. भाची धारवाडला पहिलीत असेल. सुट्टीत आली आणि मोठ्या ऐटीत आजीला कन्नडातला निबंध म्हणून दाखवू लागली, 'नम्म तायी'. आमच्या आईने थोडा वेळ ऐकले आणि काळजीने बहिणीला विचारले, "हिला कुठली आली गं ताई? ही तर एकुलती एक." कन्नडात तायी म्हणजे आई, मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण. निबंध उत्तम होता, ऐकणारीही जाणती होती आणि तरी घरात क्षणभर एक मुलगी जास्तीची झाली होती! आपल्या द्विभाषिक घरांत असे रोज होते. परका शब्द असला तर आपण अर्थ विचारतो. ओळखीचा वाटणारा शब्दच फसवतो.

गूगलवाल्यांनी यावर उपाय केला तो अगदी घरगुती. वादाची नावे बाजूला ठेवली आणि म्हणाले, चाचण्या तीनच, लहान, मध्यम आणि मोठी. लहान म्हणजे जी एकाच चालत्या प्रोग्रामच्या आत संपते, बाहेर कुणाला काही विचारत नाही. मध्यम म्हणजे जी एका कॉम्प्युटरची हद्द ओलांडत नाही. मोठी म्हणजे जिला अनेक कॉम्प्युटर लागतात. एक चूल, एक घर, पूर्ण गल्ली, असे समजा. लहान चाचण्या सर्वांत जास्त हव्यात, कारण त्या झटपट होतात आणि चूक नेमकी कुठे ते सांगतात. मोठ्या मोजक्या असाव्यात, पण असाव्यातच, कारण सांध्यावरची चूक त्यांनाच सापडते. माझ्या त्या सात विद्यार्थ्यांना वाचवले असते ते एखाद्या मोठ्या चाचणीनेच. आम्ही चुली तपासल्या, गल्ली तपासली नाही.

आता खोट्या घंटेकडे येऊ. ज्या चाचणीत प्रोग्राम तोच, काही बदल नाही, तरी ती एकदा पास आणि एकदा नापास होते, तिला ते लोक लहरी चाचणी म्हणतात. कधी यंत्र संथ असते, कधी जोडणी तुटते, कधी दोन कामे एकमेकांच्या पायात येतात. गूगलने २०१६ साली आपले आकडे सांगितले. एकूण चाचण्यांपैकी जवळपास १६ टक्के चाचण्यांत थोडाफार लहरीपणा होता. चाचणी चालवण्याच्या सगळ्या वेळा धरल्या तर त्यांतल्या सुमारे १.५ टक्के वेळा असा लहरी निकाल येई. दीड टक्का ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण जी चाचणी आजवर पास होती ती अचानक नापास झाली, अशा प्रसंगांपैकी ८४ टक्के प्रसंगांत लहरी चाचणीचा हात निघाला. म्हणजे घंटा वाजली की बहुतेक वेळा लांडगा आलेलाच नसे. जिथे जगातले नामवंत अभियंते बसलेले, तिथली ही गत. मग आमच्या भाचीने ताटावरून न उठण्यात तिचा दोष किती?

त्यांनी काय केले? नापास झालेली चाचणी पुन्हा चालवून पाहायची. जी वारंवार लहर दाखवते तिला वेगळे बसवायचे, म्हणजे तिच्यामुळे सगळ्यांचे काम अडणार नाही. आणि तिच्या मालकाला कळवायचे, की हिला दुरुस्त कर. वेगळे बसवण्यातही धोका असतो. ती एखाद्या वेळी खरे बोलत असली तर? म्हणून वेगळे बसवून विसरून जायचे नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. गूगलला एक सोय होती जी सगळ्यांना नसते. त्यांच्या बहुतेक सगळ्या प्रोग्रामांचे कोठार एकच. २०१५ च्या सुमारास त्या एका कोठारात सुमारे २ अब्ज ओळी होत्या आणि हजारो अभियंते त्यातच काम करत. एका कोठारावर एक पहारा बसवता येतो. आमच्या भाचीच्या कंपनीत प्रत्येक विभागाचे कोठार वेगळे, कुलूप वेगळे. तिथे 'सर्वांनी एकच टूल' हा हट्ट धरला तर तिसरे फर्मानही पहिल्या दोघांच्याच वाटेने जाणार.

मग दुसरा मार्ग कोणता? तो तिनेच मला सांगितला आणि मला एकत्र कुटुंबातली जुनी रीत आठवली. भाऊ भाऊ वेगळे झाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी शेताच्या जमाखर्चाची वही एक ठेवत असत. कुणी काय शिजवावे याला बंधन नाही, पण खर्च त्या वहीत, ठरलेल्या रकान्यातच लिहायचा. चाचण्यांच्या जगात अशी वही आहे. जेयुनिटचा निकाल ज्या साच्यात लिहिला जातो तो साचा इतका पसरला आहे की इतर अनेक टूल्सही आपला निकाल त्यात लिहून देऊ शकतात. तो वाचून सगळ्यांचा एकत्र फलक दाखवणारेही प्रोग्राम आहेत. 'जेन्किन्स' हे त्यातले फार वापरले जाणारे नाव. जपानी अभियंता कोसुके कावागुची याने २००४ च्या सुमारास ते 'हडसन' या नावाने सुरू केले, २०११ मध्ये नाव बदलले. म्हणजे अवजारे ज्याची त्याला, निकालाची वही मात्र सर्वांची. आपली सीमाभागातली घरे तरी याहून वेगळी कुठे आहेत? देवघरात मराठी आरती, परसात कन्नड गप्पा आणि संसाराचा हिशेब एक. कुणी कुणाला भाषा सोडायला लावली नाही म्हणून तर ती घरे टिकली.

गणपती विसर्जनाच्या दिवशी भाची परत निघाली तेव्हा आम्ही दोघांनी मिळून वहीच्या एका पानावर तीन गोष्टी लिहिल्या होत्या. पहिली, नवे टूल कुणावर लादायचे नाही, आधी सर्वांचे निकाल एका साच्यात आणायचे. दुसरी, शब्दांचे अर्थ एका पानावर लिहून ते सगळ्या विभागांना द्यायचे. तिसरी, खोट्या घंटांची नुसती नावे लिहायची. रागवायचे नाही, दोष द्यायचा नाही, फक्त नावे. "आणि ते पान स्वच्छतागृहात लावू का?" तिने विचारले. मी म्हटले, "ते तुझं तू ठरव, आजीला मात्र सांगू नको."

आमच्या महाविद्यालयातही मी एक सुधारणा करवून घेतली. आता दर सत्राला आमच्याकडे एक खोटा विद्यार्थी असतो. त्याचा क्रमांक मुद्दाम शून्याने सुरू होणारा. आडनाव असे की इंग्रजीत दोन तऱ्हेने लिहिले जाते. तो एका विषयाला हजर, दुसऱ्याला गैरहजर. त्याच्या एका कागदावर गावाचे नाव जुने आहे आणि दुसऱ्यावर १ नोव्हेंबर २०१४ नंतरचे नवे, कारण त्या दोन नावांनीही आमच्या नोंदींत कमी गोंधळ घातलेला नाही. निकालाच्या आधी तो बिचारा या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या प्रोग्रामांतून जातो. त्याचे मार्क्स कार्ड बरोबर आल्यावरच खऱ्या मुलांचा तक्ता पुढे पाठवायचा, आणि मगच त्याखाली मी सही करायची. मागच्या सत्रात तो एकदा चक्क नापास झाला. कारण शोधले तेव्हा एका रकान्याची जागा सरकलेली सापडली. त्या दिवशी मला पहिल्या बाकावरची ती मुलगी आठवली. ती आता एका शाळेत शिकवते. भेटली की "सर" म्हणून वाकते. मी नजर चुकवतो.

वाचकहो, तुमच्या घरातले मूल सुट्टीवर आले की एकदा विचारा, तुझी घंटा किती वेळा वाजते आणि त्यातली खरी किती असते? उत्तर सगळे कळले नाही तरी चालेल.

दिवाळीत भाची पुन्हा आली. फराळाचे ताट पुढ्यात होते, चकलीचा पहिला तुकडा मोडला होता आणि मोबाईल एकदाच वाजला. ती ताट सोडून उठली, कोपऱ्यात जाऊन दहा मिनिटे कन्नडात कुणाशी तरी बोलत राहिली. आई रागावली, "दिवाळीच्या दिवशीसुद्धा सोडत नाहीत पोरीला." मी मात्र काही बोललो नाही. मला फार बरे वाटले होते.